पगडी नव्हे, मुंडासं

प्रश्न असा आला आहे: "माझे केस कुरळे आहेत. ते तुटू नयेत म्हणून, आणि मला आवडतं म्हणूनही, मी रोज डोक्याला कापड बांधते. सगळे त्याला हेडरॅप म्हणतात. मराठीत पगडी म्हटलं तर चालेल का? एका मैत्रिणीनं टर्बन सुचवलं, दुसरीनं बंडाना. पण हे दोन्ही इंग्रजीच ना?"

पगडी चालणार नाही, हे आधी सांगून टाकतो. मराठीत पगडी ही आकार देऊन बसवलेली, टाके घालून पक्की केलेली वस्तू आहे. ती उतरवून खुंटीला लावली तरी पगडीच राहते. तुमचं कापड सोडलं की उरतं ते नुसतं कापड. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा नव्यानं बांधावं लागतं आणि कालच्यासारखं बसेलच असं नाही. ह्या दोन गोष्टींना एक नाव देता येत नाही.

क्रियापदंही म्हणूनच वेगळी आहेत, आणि इथे माझा रोजचा त्रास सुरू होतो. बातम्यांत, सूत्रसंचालनात, जाहिरातीत सतत ऐकू येतं, "फेटा घालून". फेटा घालत नाहीत हो, बांधतात. टोपी घालतात, पगडी घालतात, पदर घेतात, शाल पांघरतात. इतकी नेमकी क्रियापदं हाताशी असताना सगळीकडे "घालणे" चिकटवलं, की बांधणाऱ्याच्या हातांचं कामच भाषेतून पुसलं जातं.

"गुंडाळणे" हे रॅपचं सरळ भाषांतर म्हणून अनेकांना सुचतं. मला ते इथे नको वाटतं. मराठी माणूस गाशा गुंडाळतो, लाज गुंडाळून ठेवतो, भोळ्याला गुंडाळतो. "मी रोज डोकं गुंडाळते" ह्याचा मराठीत भलताच अर्थ होईल. गुंडाळलेली वस्तू बाजूला ठेवायची असते, बांधलेली जपायची असते. तुम्ही स्वतःच प्रश्नात "बांधते" लिहिलं आहे. तुमच्या कानाला बरोबर कळलं आहे, ते सोडू नका.

फेटा, पटका, साफा, मंदील हे शब्द सगळ्यांना माहीत आहेत, त्यांच्यात वेळ घालवत नाही. बंडानाकडे येऊ, कारण ह्या शब्दावर होणारा अन्याय मला सहन होत नाही.

हातात येणाऱ्या छोट्या कोशांत बंडानापुढे "इं." असा शिक्का मारलेला दिसतो. काही जण त्याच्या पुढे जातात आणि तो बँड किंवा बँडेजपासून आला असं ठोकून देतात. दोन्ही चूक. मूळ शब्द हिंदुस्तानीतला "बांधनू". यूल आणि बर्नेल ह्यांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशातही हेच मूळ दिलेलं आहे. म्हणजे शब्द इंग्रजीत गेला तो इथूनच, अठराव्या शतकात, रेशमी रुमालांच्या गठ्ठ्यांबरोबर.

इथवर अनेक जण येतात, आणि इथेच चुकतात. त्यांना वाटतं, डोक्याला किंवा गळ्याला बांधतात म्हणून बंडाना. नाही! ह्या शब्दातलं बांधणं डोक्याचं नाहीच, ते कापडाचं आहे. रंगात बुडवण्याआधी कापडाची चिमूट वर ओढायची, तिच्या मुळाशी दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे, गाठ मारायची. अशा शेकडो गाठी. मग कापड रंगात. वाळल्यावर दोरा ओढून काढला की दोऱ्याखाली रंग पोचलेला नसतो. तिथे पांढरं कडं किंवा ठिपका उमटतो, बारीक सुरकुत्यांसकट. ही आपली बांधणी. बंडाना म्हणजे बांधून रंगवलेलं कापड. ते तुम्ही डोक्याला बांधा, खिशात ठेवा नाहीतर त्यानं चष्मा पुसा, ते बंडानाच.

पुढची हकीकत मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगोत हेन्री माँटीथच्या कारखान्यात लाल रंगवलेल्या सुती कापडाचे थर भोकं पाडलेल्या शिशाच्या पत्र्यांमध्ये दाबून धरत आणि भोकांतून रंग उडवणारं द्रावण सोडत. द्रावण जाईल तिथे पांढरा ठिपका. गाठ नाही, दोरा नाही, चिमूट नाही. तरी नाव बंडानाच राहिलं. बांधण्याची क्रिया गेली, तिचा ठिपका राहिला आणि ठिपक्याबरोबर नावही राहिलं. आज छापील ठिपक्यांचा किंवा कोयरीचा चौकोनी रुमाल घेऊन कोणी "बंडाना हा इंग्रजी शब्द" म्हणालं, की मला त्या हजारो गाठी मारणाऱ्या नखांची आठवण होते.

टर्बनचंही तसंच. फारसीत "दुलबंद", त्यावरून तुर्कीत "तुलबेंद". आजच्या तुर्कीत तुलबेंत म्हणजे पातळ मलमलीसारखं कापड. युरोपात पोचता पोचता ल चा र झाला आणि टर्बन तयार झालं. ज्यांनी ल तसाच ठेवला त्यांच्याकडे त्याच शब्दातून फूल उमललं, ट्यूलिप. १५५४ मध्ये सुलतान सुलेमानाच्या दरबारी निघालेल्या बुसबेक नावाच्या राजदूतानं वाटेत पाहिलेल्या ह्या फुलांना तुर्क लोक "तुलिपाम" म्हणतात, असं लिहून ठेवलं. तुर्क त्या फुलाला "लाले" म्हणतात, आजही. बहुधा कोणी फुलाचा आकार समजावताना डोक्यावरच्या कापडाकडे बोट दाखवलं असावं, आणि ह्यानं उपमा नाव म्हणून टिपली. ह्या दुलबंदातला "बंद" आणि आपला "बंध" एकाच मुळाचे आहेत. बाजूबंद, कमरबंद आठवा. टर्बन, बंडाना, ट्यूलिप, तिन्हींच्या पोटात आपलं "बांधणे" आहे. ह्यांना परके म्हणणाऱ्यांनी एकदा गाठ सोडून पाहावी.

रुमालाची गोष्ट ह्याच्या उलट दिशेची. फारसीत रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारा. चेहरा पुसायचं कापड मराठीत आलं आणि डोक्यावर चढलं. "डोक्याला रुमाल बांधला" हे वाक्य अजून सहज येतं. पेशवे दफ्तरात तर कागदांचं गाठोडंही रुमालच. इंग्रजीतलं कर्चीफ मूळ फ्रेंच, अर्थ "डोकं झाकणारं". ते तिथून हातात उतरलं आणि हँडकर्चीफ झालं, शब्दशः "हातातलं डोकं-झाकणं". आमचा रुमाल चेहऱ्यावरून डोक्यावर गेला, त्यांचं कर्चीफ डोक्यावरून हातात आलं.

आणि "फडकं" ह्या शब्दाला नाक मुरडणाऱ्यांसाठी: दक्षिण आफ्रिकेत स्त्रिया डोक्याला बांधतात त्या कापडाला "डूक" म्हणतात, घानात "डुकू". दोन्हींचं मूळ डच, आणि अर्थ नुसता "कापड". फडकंच ते. तिथे तो शब्द मानानं वावरतो. आपण फडक्याला धूळ पुसायला धाडलं, हा त्या शब्दाचा दोष नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. केस आणि त्यांच्यावरचं कापड एकमेकांची नावं उसनी घेतात. १७८६ मध्ये, आज अमेरिकेत असलेलं लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, गव्हर्नर मिरोनं फर्मान काढलं की स्वतंत्र कृष्णवर्णी स्त्रियांनी केसांत पिसं आणि दागिने मिरवू नयेत, केस कापडाखाली ठेवावेत. त्या कापडाचं नाव "तिन्यों". हे फ्रेंच "शिन्यों"चं भावंड, आणि शिन्यों म्हणजे मानेवरचा अंबाडा. केसांच्या रचनेचं नाव केस झाकणाऱ्या कापडाला मिळालं. त्या स्त्रियांनी मग भडक रंगांची कापडं अशा डौलानं बांधली की खाली मान घालायला काढलेलं फर्मान मान वर करायच्या कामी आलं.

आपल्याकडे हाच प्रवास उलटा झाला. "उष्णीष" म्हणजे डोक्याला बांधायचं वस्त्र. बुद्धमूर्तीच्या माथ्यावर जो उंचवटा असतो, केसांच्या बुचड्यासारखा, त्यालाही उष्णीषच म्हणतात. इथे कापडाचं नाव केसांकडे गेलं. "पेच" घ्या. फारसीत तो बटांचा पीळ आणि कापडाचा वेढाही. आपण शिरपेच घेतला, आणि पेचात पडायलाही शिकलो.

उष्णीषाची व्युत्पत्ती जुने टीकाकार "उष्णम् ईषते", उष्णतेला मारतं ते, अशी देतात, आणि तीच आजही सगळीकडे उतरवली जाते. मला ती मुळीच पटत नाही. ही शब्द आधी, अर्थ मागाहून अशी जुळवणी आहे. वैदिक वापर पाहा ना. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्याचं, म्हणजे भटक्या तपस्व्याचं (आजच्या खोडकर व्रात्य पोराचं नव्हे), वर्णन आहे: "अहरुष्णीषं रात्री केशाः". दिवस हे त्याचं उष्णीष, रात्र हे केस. काळ्या केसांवर शुभ्र वस्त्र, असं डोळ्यांसमोर येतं. इथे नजर उजेड-अंधारावर आहे, उन्हाच्या झळांवर नाही. शतपथ ब्राह्मणात इंद्राणीचं उष्णीष येतं, आणि त्याला "विश्वरूपतम" म्हटलं आहे, सगळ्यांत जास्त नाना रूपांचं. तिथेही उष्णतेचा मागमूस नाही, रंगरूपाचं कौतुक आहे. डोक्याचं कापड पुरुषांचं, असं तुम्हाला कोणी ऐकवलं तर ही इंद्राणी समोर ठेवा.

तर तुमच्या कापडाचं नाव. माझं उत्तर: मुंडासं.

मुंडासं म्हणजे डोक्याला बांधलेलं साधं कापड. त्याला ठरीव आकार नाही, हुद्दा नाही, समारंभ लागत नाही. कामाला जाताना, ऊन-धूळ लागू नये म्हणून, केस आवरायला, रोज बांधायचं ते मुंडासं. हेडरॅपचं काम तंतोतंत हेच आहे. शिवाय पगडी स्त्रीलिंगी, फेटा पुल्लिंगी, पण मुंडासं नपुंसकलिंगी. ते ज्या डोक्याला बांधलं त्याचं.

ह्या शब्दाबाबत कोशकारांशी माझा जुना वाद आहे. ते "मुंड = डोकं" एवढं सांगतात आणि थांबतात. मग "आसं" कुठून आलं? प्रत्यय म्हणून सोडून द्यायचं? माझ्या मते मूळ "मुंड-वासस्", म्हणजे डोक्याचं वस्त्र. दोन स्वरांमधला व मराठीत किती सहज गळतो पाहा: दिवसचा दीस, देवरचा दीर, देवकुलाचं देऊळ. तसंच मुंडवासाचं मुंडासं. हे माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

एका जाणकारांनी ह्यावर मला सुनावलं की मुंड म्हणजे मुंडन केलेलं डोकं, तेव्हा केस जपण्यासाठी बांधलेल्या कापडाला मुंडासं म्हणणं विसंगत आहे. संस्कृतात मुंडचा तो अर्थ आहे, मान्य. पण मराठीत मुंडी होकारार्थी हलवायला आधी हजामत करावी लागते का? मुंडकं, मुंडी हे शब्द केसांसकट सगळ्या डोक्याचे आहेत. शब्दाचा जन्मदाखला दाखवून त्याला मोठं होऊ न देणं, ही विद्वत्ता मला मान्य नाही.

बांधण्याचे शब्दही मराठीत तयार आहेत, इंग्रजीकडे जायचं कारण नाही. कापडाचा मधला भाग मानेवर ठेवायचा, दोन्ही शेव कपाळाकडे आणायचे, पीळ द्यायचा, एक वेढा मागे न्यायचा, सुरगाठ मारून टोकं खोचायची. पाठीवर सोडलं ते टोक म्हणजे सोगा. सुरगाठच मारा, निरगाठ नको. कपाळाच्या कडेचे केस सतत ताणले गेले की मुळापासून विरळ होतात, आणि ते नुकसान कधी कधी भरून येत नाही. ओले केस घट्ट बांधून ठेवणंही वाईट.

आतून सॅटिनचं कापड लावता ना? त्याला साटण म्हणा, हा शब्द मराठीत कधीचाच रुळला आहे. साटण हे धाग्याचं नाव नाही, विणीचं आहे. ती रेशमाचीही असते आणि पॉलिएस्टरचीही. कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत सावकाश पोचतं, म्हणून टोकं कोरडी राहतात. त्यात सुती कापड ओलावा शोषतं आणि घासतं, साटणीवरून केस घसरतात. बांधायला बाहेरून सुती, आतून साटण, ही विभागणी चांगली. रात्री नुसती साटण.

रूपं चुकवू नका. एक मुंडासं, अनेक मुंडाशी. मुंडाशाचा सोगा, मुंडाशाला गाठ. स चा श होतो, पैसा-पैशाला होतो तसाच. आणि उद्या कोणी "आज मुंडासं घातलंस?" असं विचारलं, तर "बांधलंय" म्हणून दुरुस्त करा.