विहीणबाईंचे इंग्रजी

प्रश्न : माझ्या मुलीचे सासर जर्मनीत आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंचा अभ्यास घेण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. त्या बोलतात भरभर; पण गेल्या डिसेंबरात आमच्याकडे आल्या तेव्हा पहिल्याच सकाळी ‘कॅन आय बिकम अ टी?’ म्हणाल्या आणि घरातल्या मुलांना हसू आवरेना. चौथ्या दिवशी ‘आय ईट भडंग सिन्स थ्री डेज.’ चूक सुधारून दिली, तरी तीच पुन्हा होते. काय करावे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या विहीणबाईंच्या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, त्या जर्मनमध्ये अगदी बरोबर बोलत आहेत, फक्त शब्द इंग्रजी आहेत. जर्मनमधील ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणे. हा शब्द आणि इंग्रजी ‘बिकम’ एकाच मुळाचे असले तरी त्यांचे अर्थ केव्हाच वेगळे झाले. आपल्याकडे हिंदीभाषक पाहुणा ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण समजतो, तसाच हा प्रकार आहे. ‘आक्टुएल’ म्हणजे सध्याचा, ‘एव्हेंटुएल’ म्हणजे कदाचित, ‘शेफ’ म्हणजे कचेरीतला साहेब, आणि ‘गिफ्ट’ म्हणजे चक्क विष. (हुंड्याला जर्मनमध्ये ‘मिटगिफ्ट’ म्हणतात, यावर अधिक भाष्य नको.) अशा शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक शब्दासाठी दोन वाक्ये, एक जर्मन आणि एक इंग्रजी, त्यांच्याच हाताने वहीत समोरासमोर लिहवून घ्यावीत.

भडंगाचे वाक्य मात्र जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात आपणही सापडतो. ‘मी तीन दिवसांपासून भडंग खाते आहे’ असे आपण वर्तमानकाळातच म्हणतो, आणि जर्मन माणूसही ‘झाइट’ हा शब्द लावून तेच करतो. इंग्रजीला मात्र तेथे ‘आय हॅव बीन ईटिंग’ हवे असते आणि तीन दिवसांच्या मुदतीसाठी ‘सिन्स’ऐवजी ‘फॉर’. सोमवारपासून म्हणायचे असेल, तरच ‘सिन्स मंडे’. ‘पर्यंत’चेही तसेच. पाचपर्यंत थांबा आणि पाचपर्यंत पत्र पाठवा, दोन्हीकडे आपला एकच शब्द आणि जर्मनांचाही एकच, ‘बिस’. इंग्रजीत पहिल्याला ‘अंटिल’, दुसऱ्याला ‘बाय’. या जागी आपण दोघी एकाच बाकावर आहात, तेव्हा आपल्या वर्गातली मुले येथे कशी अडखळत होती, ते आठवून शिकवावे.

जेथे मराठी वेगळी पडते, तेथे आपल्याला त्यांची अडचण चटकन दिसणार नाही. जर्मनमध्ये ‘जर’ आणि ‘जेव्हा’ या दोन्हींसाठी ‘व्हेन’ हा एकच शब्द चालतो, म्हणून ‘जर उद्या पाऊस आला’ म्हणताना त्यांच्या तोंडी इंग्रजीतले ‘व्हेन’ येते आणि पाऊस येणारच असा अर्थ होतो. तसेच जर्मन माणूस बोलताना ‘मी त्याला काल पाहिले’ यासाठी सर्रास ‘पाहिले आहे’ या घडणीचे रूप वापरतो. त्यातूनच ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ येते. ‘काल’ आले की ‘हॅव’ गेले, एवढे सांगितले तरी बरेच काम होते.

शब्द वाढवताना जोडीचे क्रियापद सोबतच द्यावे. निर्णय आपण ‘घेतो’, इंग्रज तो ‘मेक’ करतो आणि जर्मन ‘ट्रेफेन’ म्हणतो, म्हणजे शब्दशः त्याला भेटतो! सुटे नाम शिकवले, तर विहीणबाई निर्णयाला भेटायला जातील. आठवड्याला आठ-दहा जोड्या पुरेत, आणि त्याही पुढच्या रविवारच्या गप्पांत मुद्दाम वापरायला लावाव्यात.

प्रश्न : मी जर्मन अभियंत्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवतो. शब्दकोश जर्मन-इंग्रजी असावा की इंग्रजी-इंग्रजी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बी-१ (युरोपीय भाषा-श्रेणीतील मध्यम) पातळीपर्यंत दोन्ही जवळ असावेत, त्यावरच्या बी-२ कडे जाताना मात्र इंग्रजी-इंग्रजीच, आणि तोही विद्यार्थ्यांसाठी बनवलेला, कारण त्यात नामाचे अनेकवचन होते की नाही, हे नोंदवलेले असते. जर्मनमध्ये ‘इन्फर्मेशन’चे अनेकवचन बिनदिक्कत होते, आपण ‘माहिती’ एकवचनीच वापरत असल्याने ‘इन्फर्मेशन्स’ ही चूक आपल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी ईमेलमध्ये का येते, असा प्रश्न आपल्याला पडला असेल.