सेरेंगेटीत लाखो प्राणी चरतात, तरी तिथलं गवत आणि झाडं संपत कशी नाहीत?

गवत संपत नाही, कारण ते खाणारे कळप एका जागी थांबत नाहीत. झाडांची गोष्ट वेगळी आहे आणि ती गाईंच्या आजारापासून सुरू होते. मी निवृत्त पशुवैद्यक आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

आधी गवत. टांझानियातल्या या उद्यानाच्या दक्षिणेकडची मैदानं ज्वालामुखीच्या राखेची आहेत. राखेखाली चुनखडीचा टणक थर असल्याने झाडांची मुळं खोल जात नाहीत. त्यामुळे नजर पोचेल तिथवर नुसतं आखूड गवत. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस मात्र भरपूर, म्हणजे दुभत्या जनावराला हवं तेच! म्हणून पावसाळ्यात साधारण 13 लाख वाइल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी, कळपाने राहणारी मोठी हरणं) इथे जमतात आणि फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत बहुतेक माद्या वितात. मी फेब्रुवारीतच गेलो होतो. आयुष्यभर गाई-म्हशींची बाळंतपणं केली, पण जन्मल्यावर काही मिनिटांत आईच्या मागे धावणारं वासरू पाहून डोळे भरून आले.

पाऊस सरला, डबकी आटली की कळप उत्तरेकडे मारा नदीच्या दिशेने निघतात. मागच्या गवताला पुढच्या पावसापर्यंत उसंत मिळते. शिवाय सगळे एकच घास खात नाहीत. झेब्रा उंच, जाड काड्या खातो, वाइल्डबीस्ट त्याखालची पाती, आणि थॉमसन गॅझेल हे छोटं हरीण मागून फुटलेले कोवळे कोंब.

आता झाडं. 1890 च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत बुळकांड्याची, म्हणजे गुरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची (रिंडरपेस्ट) साथ आली. तिथल्या मसाई या पशुपालक लोकांच्या गुरांचे कळपच्या कळप गेले, वाइल्डबीस्टही मेले. पुढे कित्येक दशकं हा रोग त्यांची वर्षाच्या आतली वासरं मारत राहिला. मग वॉल्टर प्लाउराइट या इंग्रज पशुवैद्यकांनी केनियात मुगुगा इथे स्वस्त आणि खात्रीची लस तयार केली. आसपासच्या गुरांना लसी टोचल्या गेल्या आणि 1960 च्या दशकात वाइल्डबीस्टमधूनही रोग गेला. एकाही वाइल्डबीस्टला सुई न टोचता! रोग गुरांकडून येत होता, हे त्यातूनच कळलं. 1961 मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट 1977 पर्यंत 13 लाखांच्या घरात गेले.

एवढी तोंडं वाढल्यावर रान उजाड व्हायला हवं होतं, असं तुम्हालाही वाटेल. झालं उलटं. पूर्वी न खाल्लेलं उंच गवत वाळायचं आणि दरवर्षी मोठे वणवे लागायचे. त्यात बाभळीची रोपं जळून जायची. आता ते गवत पोटात जाऊ लागलं, वणव्यांना जळण फारसं उरलं नाही आणि रोपं मोठी झाली. हत्ती फांद्या मोडतात, झाडं पाडतातही, पण एकूण झाडी वाढली. या वाढलेल्या बाभळींवर जिराफांचं पोट भरतं.

परतीच्या वाटेवर गाईडने मला अशीच एक बाभळींची दाटी दाखवली. सगळी झाडं जवळजवळ एकाच वयाची, वणवे कमी झाल्यावर वाढलेली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही बर्फाच्या पेटीत बुळकांड्याची लस घेऊन गावोगाव फिरायचो. 2011 मध्ये हा रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं, तेव्हा मला गोठेच आठवले होते. आता ही झाडंही आठवतात.