आई-बाबांच्या फायर टीव्ही स्टिकवर ‘जागा अपुरी आहे’ असा संदेश येतो. नवी स्टिक घ्यावी का?

तुम्ही लिहिले आहे की आई-बाबा ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहतात, त्यांच्या जुन्या टीव्हीला चार-पाच वर्षांपूर्वीची फायर टीव्ही स्टिक (टीव्हीवर इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारे ॲमेझॉनचे छोटे उपकरण) लावलेली आहे, नवे ॲप घ्यायला गेले की जागा अपुरी असल्याचे सांगितले जाते, मालिका मध्येच अडकतात, आणि शेजारच्या काकांनी ‘सगळे चॅनेल फुकट’ दाखवणारे एक ॲप बाहेरून टाकून देण्याची तयारी दाखवली आहे. नवी स्टिक तूर्त घेऊ नका आणि ते ॲप मुळीच टाकू देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. मी नेरुळला राहतो. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींच्या घरी ही उपकरणे जोडून देण्याचे आणि मागाहून निस्तरण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी जागेचे गणित समजून घेऊ. तुमच्याकडे आहे त्या पिढीच्या स्टिकमध्ये एकूण साठवण ८ जीबीची असते. त्यातला मोठा हिस्सा स्टिकची स्वतःची प्रणाली व्यापते आणि आपल्या वाट्याला ५ जीबीच्या आसपास जागा उरते. गुगल टीव्हीच्या क्रोमकास्ट या तशाच उपकरणाची स्थितीही याहून फार वेगळी नाही. तिथेही ८ जीबीपैकी साधारण साडेचार जीबीच हाती येते. प्रत्येक ॲप स्वतःच्या आकाराखेरीज मालिकांची छोटी चित्रे, पाहिलेल्या भागांच्या नोंदी आणि तात्पुरत्या फायली साठवत राहते, आणि दर अपडेटबरोबर त्याचा मूळ आकारही बहुधा वाढतच जातो. जागा संपली की नवे ॲप येत नाही, एवढ्यावरच हे थांबत नाही. आधीपासून असलेल्या ॲपचे अपडेटही अडतात, मग ते ॲप जुन्या आवृत्तीवर राहते आणि एक दिवस उघडेनासे होते. आई-बाबांना ते ‘बिघडले’ असे वाटते. खरे तर त्याला फक्त हात-पाय पसरायला जागा उरलेली नसते.

जागा किती उरली आहे हे सेटिंग्जमधील ‘माय फायर टीव्ही’, त्यात ‘अबाउट’ आणि त्यात ‘स्टोरेज’ येथे दिसते. तो आकडा पाहिल्यावर मागे येऊन ‘ॲप्लिकेशन्स’मधील ‘मॅनेज इन्स्टॉल्ड ॲप्लिकेशन्स’ ही यादी उघडा. तुमचे खरे काम येथेच आहे. यादीतील एकेका नावावर गेलात की ॲपचा स्वतःचा आकार, त्याचा डेटा आणि त्याची कॅश (तात्पुरत्या फायलींचा साठा) असे आकडे वेगवेगळे दिसतात. पुष्कळदा असे आढळते की ॲप स्वतः लहानसेच असते, पण त्याची कॅश मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट झालेली असते.

नावावर क्लिक केल्यावर जे पर्याय येतात त्यांतला फरक नीट ध्यानात घ्या, कारण घोळ होतो तो नेमका इथे. ‘फोर्स स्टॉप’ने ॲप केवळ बंद होते, पुसले काहीच जात नाही. ‘क्लिअर कॅश’ने तात्पुरत्या फायली जातात, लॉगिन तसेच राहते आणि पाहणाऱ्याला काही बदलल्याचे कळतही नाही, म्हणून हा पर्याय निर्धास्तपणे वापरावा. ‘क्लिअर डेटा’ने मात्र ॲप पहिल्या दिवशी होते तसे कोरे होते, म्हणजेच लॉगिनही जाते. ‘अनइन्स्टॉल’ने ॲपच निघून जाते, तरी तुमच्या खात्यात त्याची नोंद राहते आणि हवे तेव्हा ते पुन्हा घेता येते. स्टिकबरोबरच आलेल्या काही ॲपना हा शेवटचा पर्याय नसतो. त्यांची कॅश काढण्यावरच समाधान मानावे लागते.

‘क्लिअर डेटा’विषयी मी एवढे बजावून सांगतो त्याला कारण आहे. सीवूड्सला राहणाऱ्या माझ्या मावशींच्या घरी इंटरनेट दुरुस्त करायला आलेल्या मुलाने मदत म्हणून त्यांच्या दोन ॲपचा डेटा पुसला. आपल्याकडची बरीच ॲप्स मोबाइल क्रमांकावर ओटीपी पाठवून लॉगिन करून घेतात. तो क्रमांक माझ्या मावसभावाचा, आणि तो ऐरोलीला कार्यालयात बैठकीत. टीव्हीवर सहा चौकोन दिसत होते, खाली वेळ उलटी मोजली जात होती, आणि मावशी हातात रिमोट घेऊन मावसभावाच्या फोनची वाट पाहत बसल्या होत्या. संध्याकाळची मालिका तर गेलीच, शिवाय आपल्याच हातून काही बिघडले असे त्यांच्या मनाने घेतले, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटले. म्हणून डेटा पुसायचा किंवा ॲप काढून पुन्हा घालायचे असेल, तर ज्याच्या नावावर खाते आहे ती व्यक्ती फोनसह घरात असतानाच ते करा. शक्य असेल तर आई-बाबा पाहतात त्या ॲपचे लॉगिन त्यांच्यापैकीच एकाच्या क्रमांकावर ठेवा.

आता कोणती ॲप्स ठेवायची ते पाहू. मराठी मालिका पाहणाऱ्या घराला फार थोडी ॲप्स पुरतात. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर आणि सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर असतात. जोडीला यूट्यूब असले की बातम्या, कीर्तने, नाट्यसंगीत आणि पाककृती यांचीही सोय होते. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एकत्र येऊन जिओहॉटस्टार झाले, तेव्हा तुमच्या यादीत जिओसिनेमाचे जुने ॲप अजून असेल तर ते निःशंकपणे काढून टाका. त्याआधी २०२३ मध्ये वूट हे ॲपही जिओसिनेमात विलीन झाले होते. त्याचेही अवशेष जुन्या स्टिकवर सापडतात. याखेरीज कधीकाळी एकदा उघडलेले खेळ, चाचणीपुरती घेतलेली ॲप्स आणि वर्गणी संपलेली ॲप्स असतीलच. एवढी सफाई केल्यावर एखादा जीबी मोकळा होणे अवघड नाही.

सफाई संपली की स्टिक एकदा पूर्ण बंद करून सुरू करा. त्यासाठी ‘माय फायर टीव्ही’मध्ये ‘रीस्टार्ट’ आहे; पडदा गोठलेला असेल तर रिमोटवरचे मधले गोल बटण आणि प्ले-पॉजचे बटण एकत्र काही सेकंद दाबून धरले तरी तेच होते. त्यानंतर ‘ॲप्लिकेशन्स’मधील ‘ॲपस्टोअर’ येथे जाऊन आपोआप अपडेट होण्याची सोय चालू आहे ना, ते पाहा. ती बंद ठेवून जागा वाचवण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही, कारण वाचलेल्या जागेपेक्षा जुन्या आवृत्तीवर अडकलेले ॲप ही मोठी डोकेदुखी आहे.

नंतर पडद्याची मांडणी करा. तरुण माणसाला ती क्षुल्लक वाटते, पण सत्तरीतल्या माणसाची स्टिकशी गाठ पडते ती याच मांडणीतून. ॲपच्या चिन्हावर जाऊन रिमोटवरील तीन आडव्या रेघांचे बटण दाबले की चिन्ह हलवण्याचा किंवा सर्वांत पुढे आणण्याचा पर्याय येतो. आई रोज जे पाहते ते पहिले आणि बाबा पाहतात ते दुसरे, असा क्रम लावा आणि एकदा लावला की तो बदलू नका. अनेक ज्येष्ठ माणसे चिन्ह ओळखण्यापेक्षा ‘उजवीकडे दोनदा आणि मग मधले बटण’ अशी बोटांची सवय लावून घेतात; क्रम बदलला की ती सवय मोडते आणि साध्या कामालाही मुलांना फोन करावा लागतो. याच वेळी खरेदीसाठी पिनही लावून टाका, म्हणजे चुकून दाबलेल्या बटणामुळे पैसे जाण्याची भीती उरणार नाही.

नवे ॲप घ्यायचे ते स्टिकच्या स्वतःच्या ॲपस्टोअरमधूनच घ्या. नाव शोधल्यावर त्याच्यासारखीच दिसणारी इतर ॲप्सही समोर येतात, म्हणून खाली निर्मात्याचे नाव वाचून मगच ‘गेट’ किंवा ‘डाउनलोड’ दाबा. बरीच ॲप्स पहिल्यांदा उघडल्यावर पडद्यावर एक पत्ता आणि एक कोड दाखवतात आणि तो कोड फोनवर टाकायला सांगतात. हा पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये अक्षर अन् अक्षर पाहून टाइप करा. ‘अमुक ॲप ॲक्टिव्हेट’ असे गुगलवर शोधू नका. अशा शोधात हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी खोटी संकेतस्थळे आणि खोटे ‘कस्टमर केअर’ क्रमांक पुढे येऊ शकतात. कोड टाकण्यासाठी कोणतेही शुल्क नसते, आणि त्यासाठी जो पैसे मागतो किंवा फोनवर स्क्रीन शेअर करायला सांगतो तो चोरच आहे, हे आई-बाबांना आजच सांगून ठेवा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

शेजारच्या काकांच्या ॲपकडे येतो. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण ॲपस्टोअरबाहेरचे ॲप टाकण्यासाठी स्टिकमधील दडवून ठेवलेले ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडावे लागतात आणि अनोळखी ॲप्सना परवानगी द्यावी लागते. त्या फुकट ॲपमागे कोण आहे आणि ते घरच्या वायफायवर बसून आणखी काय करते, हे तुम्हाला किंवा काकांना समजण्याचा कोणताही मार्ग नाही. ही भीती कल्पनेतली नव्हे. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने जून २०२५ मध्ये ‘बॅडबॉक्स २.०’ या दूषित उपकरणांच्या जाळ्याविषयी जाहीर इशारा दिला. स्वस्तातले, प्रमाणित नसलेले अँड्रॉइड टीव्ही बॉक्स आणि तशीच इतर उपकरणे कारखान्यातूनच दूषित होऊन येतात किंवा सुरुवातीला बाहेरची ॲप्स उतरवताना दूषित होतात, आणि मग गुन्हेगार त्या घरचे इंटरनेट स्वतःच्या कामांसाठी वापरतात, असे त्यात म्हटले होते. पुढच्याच महिन्यात गुगलने या जाळ्याच्या सूत्रधारांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. अशा उपकरणांची संख्या एक कोटीहून अधिक असल्याचे गुगलने सांगितले होते. तुमची स्टिक त्या बॉक्सपैकी नाही. पण बाहेरचे ॲप घालून आपण धोक्याचा तोच दरवाजा आपल्या हाताने उघडतो. काकांना न दुखवता ‘मुलाने पिन लावून ठेवला आहे’ एवढे सांगितले तरी पुरे होईल.

मालिका अडकण्यामागे जागेखेरीज आणखी दोन कारणे असू शकतात, तीही तपासा. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून दिली असेल तर तिच्यासोबत आलेला ॲडॉप्टर शोधून भिंतीतल्या सॉकेटला लावा. जुन्या टीव्हीचे पोर्ट बहुधा अर्धा अँपिअर देते आणि स्टिकच्या ॲडॉप्टरची क्षमता एक अँपिअरची असते, त्यामुळे अपडेटच्या मध्येच स्टिक बंद पडू शकते. दुसरे कारण वायफायचे. राउटर दाराजवळ, टीव्ही आतल्या खोलीत आणि मध्ये आरसीसीच्या भिंती अशी रचना आपल्याकडच्या इमारतींत सर्रास आढळते. स्टिकसोबत आलेली एचडीएमआयची छोटी जोडतार लावून स्टिक टीव्हीच्या पाठीपासून थोडी दूर केली तरी फरक पडतो.

एक गोष्ट पैशांची. ॲप काढून टाकल्याने त्याची वर्गणी बंद होत नाही. ती ॲपच्या संकेतस्थळावरील खात्यातून रद्द करावी लागते, आणि यूपीआयने भरली असेल तर यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ यादीत जाऊनही ती थांबवता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप वळती होणारी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. बाबांच्या फोनवर असे संदेश येत असतील तर ते न वाचता पुसू नयेत.

इतके सगळे करूनही जागा पुरत नसेल, तर ‘रीसेट टू फॅक्टरी डिफॉल्ट्स’ हा अखेरचा उपाय आहे. त्याने सगळी ॲप्स आणि सगळी लॉगिन जातात, म्हणून तो तुम्ही स्वतः वर्तकनगरला मुक्कामी असाल त्या सुट्टीच्या दिवशीच करा. त्यानंतरही अडचण राहिली, तरच नवी स्टिक. ती घेताना खोक्यावरचे ‘४के’ पाहून भुलू नका, साठवण किती ते वाचा. २०२५ मध्ये आलेल्या फायर टीव्ही स्टिक ४के सिलेक्टमध्येही साठवण ८ जीबीच आहे, तेव्हा ती घेऊन जागेचा प्रश्न जिथल्या तिथेच राहील.