टर्बो किट बसवतोय, फ्युएल प्रेशर रेग्युलेटर १:१ चा घेऊ की रायझिंग रेटचा? ईसीयू ओरिजिनलच ठेवायचा आहे.

१:१ चा घ्या. तो टर्बोच्या हवेचा दाब (बूस्ट) वाढेल तेवढंच पेट्रोलचं प्रेशर वाढवतो, रायझिंग रेटचा बूस्टच्या कितीतरी पट वाढवतो. आणि ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर) ओरिजिनलच ठेवायचा असेल तर टर्बो बसवू नका. तुमच्या प्रश्नातलं ते शेवटचं वाक्य वाचूनच लिहायला बसलो, कारण हेच वाक्य माझा आतेभाऊ २०१२ मध्ये बोलला होता आणि त्याचं मी आजपर्यंत भोगून राहिलो.

आम्ही वरुड तालुक्यातले, संत्र्याचा पट्टा. माझं रोडवर गॅरेज आहे. त्या वर्षी आत्याच्या घरचा आंब्या बहार चांगल्या भावात गेला आणि भावानं एस्टीम मोठ्या शहरात नेऊन एका ट्यूनरकडून टर्बो बसवून आणली. अर्धा किलो (दर चौरस सेंटीमीटरला) बूस्ट, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) ओरिजिनल, पंप ओरिजिनल, ईसीयू ओरिजिनल, फक्त रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपच्या) पुढं एक रायझिंग रेट रेग्युलेटर. मी बोनेट उघडून पाहिलं आणि त्याच दिवशी म्हटलं की भाऊ, हे उन्हाळ्यात टिकणार नाही. त्यानं हसण्यावारी नेलं. हिवाळाभर गाडी खरंच मस्त पळाली, मान्य करतो. एप्रिलमध्ये माझ्याकडं आली तेव्हा मी फक्त ऑइल आणि पेट्रोल फिल्टर बदलला, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही.

मे महिन्यात पोरं मोर्शी-परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघाली, बाहेर ४५ डिग्री, गाडीत चार जण, घाटात सतत बूस्टवर. अर्ध्या घाटात खडखड आवाज सुरू झाला, यांनी गाण्याचा आवाज वाढवला, मग पॉवर गेली आणि मागून निळा धूर. इंजिन मीच खोललं. तिसऱ्या पिस्टनची रिंगलँड (रिंगांच्या मधली कड) तुटलेली, कडेचं अल्युमिनियम वितळून सिलेंडरला चिकटलेलं. म्हणजे पेट्रोल कमी पडलं, नॉकिंग (सिलेंडरमध्ये पेट्रोल वेळेआधी भडकणं) झालं. ट्यूनरला फोन लावला तर तो आत्याला म्हणाला की तुमच्या गावच्या मेकॅनिकनं फिल्टर बदलताना प्रेशर बिघडवलं. झालं! तेव्हापासून प्रत्येक लग्नात आत्या चार लोकांसमोर म्हणते, "काऊन रे, थे पोराची गाडी तुह्याच हातानं बसली ना?"

आता हिशोब बघा, हा तुमच्याही कामाचा आहे. अर्धा किलो बूस्ट म्हणजे हवा साधारण दीडपट. ओरिजिनल इंजेक्टरमधून त्याच वेळात दीडपट पेट्रोल काढायचं तर प्रेशर दीडपट करून भागत नाही, सव्वादोन पट लागतं, कारण प्रेशर चारपट केलं तेव्हा कुठं पेट्रोल दुप्पट होतं. ओरिजिनल ३ किलोचे झाले पावणेसात, वरून समोरच्या बूस्टचा अर्धा किलो, म्हणजे रेलमध्ये सव्वासात किलो. ओरिजिनल पंप ३ किलोच्या कामासाठी बनवलेला असतो, प्रेशर वाढलं की त्याचा फ्लो पडतो आणि एका हद्दीनंतर त्याच्या आतलाच रिलीफ वॉल्व उघडतो. रेग्युलेटर फक्त रिटर्न (टाकीत परत जाणारं पेट्रोल) अडवू शकतो, पंप जे देतच नाही ते तो कुठून आणणार?

इंजिन बांधल्यावर मी तोच रेग्युलेटर परत लावला, टी टाकून लांब पाइपनं गेज बोनेटच्या बाहेर काढून काचेवर टेपनं चिकटवला (पेट्रोलचा गेज केबिनमध्ये कधीच आणायचा नाही) आणि भावालाच शेजारी बसवून व्हिडिओ काढायला लावला. ३००० आरपीएमला काटा साडेपाचपर्यंत चढला, ५००० पर्यंत चारच्या खाली आला. बूस्ट तेवढाच. मी लगेच पाय काढला. व्हिडिओ ट्यूनरला पाठवला, त्याचं उत्तर कधी आलं नाही.

माझ्या बाबांना गाडीतलं काही कळत नाही, पण त्यांना हे दोन मिनिटांत कळलं. ठिबक बघा. मोटार पाणी ढकलते, बायपास वॉल्व जास्तीचं पाणी विहिरीत परत सोडतो आणि लाइनला १ किलो ठेवतो. बायपास पूर्ण आवळला म्हणून ३ एचपीची मोटार ५ एचपीची होत नाही. रेग्युलेटर म्हणजे तो बायपास, बस्स. फरक एवढाच की इंजेक्टरच्या तोंडासमोर बूस्टचा उलटा दाब असतो, म्हणून १:१ मध्ये जेवढा बूस्ट वाढला तेवढंच रेलचं प्रेशर वाढतं आणि इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंतला फरक ३ चा ३ च राहतो. रेग्युलेटरला बूस्टचा दाब पोचवणारी रेफरन्सची नळी निघाली तर अर्ध्या किलो बूस्टवर फरक अडीचचा होतो आणि पेट्रोल ९ टक्के घटतं, तेही नेमकं जास्त लागतं तेव्हा. म्हणून नळी थ्रॉटलच्या नंतर थेट इनटेक मॅनिफोल्डवरून घ्या, बूस्ट गेज आणि ब्लोऑफ वॉल्व (पाय काढल्यावर जास्तीची हवा सोडणारा) त्याच नळीवर टी मारून टांगू नका, क्लॅम्प लावा.

कंपनीचं विचाराल तर नावापेक्षा पंपाचा फ्लो बघा. आयडलला इंजिन जवळजवळ काहीच पेट्रोल खात नाही, म्हणजे तासाला २५५ लिटरचा पंप टाकला तर जवळपास सगळं पेट्रोल रेग्युलेटर आणि रिटर्न लाइनमधून परत गेलं पाहिजे. रिटर्न बारीक असेल तर स्क्रू पूर्ण ढिला करूनही बेस प्रेशर खाली येत नाही, आणि लोक रेग्युलेटरला शिव्या देतात. बेस सेट करताना तीच रेफरन्सची म्हणजे व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, मगच ३ किलो ठेवायचं. नळी लावल्यावर आयडलला काटा साधारण अर्ध्या किलोनं खाली येतो, तो यायलाच पाहिजे. हजार-दीड हजाराचे गेजसकट चमकणारे कॉपी रेग्युलेटर घेऊ नका, आता जवळपास प्रत्येक पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं आणि आतला डायफ्राम (रबरी पडदा) फ्लोरोकार्बनसारख्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा नसेल तर लवकर खराब होतो. डायफ्राम फाटला की पेट्रोल सरळ व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात जातं, नळी काढून वास घ्या, कळतंच. ई२० ला तसंही पेट्रोल थोडं जास्त लागतं, इंजेक्टर निवडताना तेही धरा. रेग्युलेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ बसवू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात तिथं पेट्रोलची वाफ होते.

भावाची गाडी शेवटी मोठे इंजेक्टर, मोठा पंप, १:१ रेग्युलेटर आणि स्वतंत्र ईसीयू टाकून नीट मॅप करून घेतली, मग त्यानं ती पाच वर्षं चालवली, विकली तेव्हाही इंजिन तेच होतं.

रायझिंग रेटवर कमी बूस्ट आणि मोठा पंप ठेवून चाललेल्या गाड्या आहेत, तेवढं कबूल करतो, ईसीयू परवडत नव्हते तेव्हाची ती पद्धत आहे. आणि हे सगळं रिटर्न लाइनवाल्या एमपीएफआय (प्रत्येक सिलेंडरला वेगळा इंजेक्टर) पेट्रोल इंजिनाचं आहे. तुमच्या गाडीत रेग्युलेटर टाकीतच असेल तर आधी रिटर्न लाइन ओढावी लागेल. डायरेक्ट इंजेक्शन किंवा कॉमनरेल डिझेल असेल तर यातलं काहीच करू नका, तिथलं हाय प्रेशर ईसीयू सांभाळतो.

आणि गाडी कोणाकडंही द्या, ताब्यात घेताना फुल बूस्टवरचा गेजचा व्हिडिओ काढून घ्या, आरपीएम दिसेल असा. देत नसेल तर पैसे देऊ नका. गावच्या मेकॅनिकनं नंतर फक्त फिल्टर बदलला असेल तर निदान त्याच्यावर तरी कोणी घालणार नाही.