वाचकांचे प्रश्न : ताफ्यातला वॉकी-टॉकी

पावसाळा सरून पांदण रस्ते वाळायला लागले की गाड्या घेऊन रानात निघणाऱ्यांची पत्रे वाढतात. या वेळी बहुतेकांनी वॉकी-टॉकीबद्दल विचारले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

भाऊ, आमच्या सहा गाड्या हायेत, चार थार अन् दोन जिप्सी. सेमाडोहच्या पुढं मोबाइल मरते. ऑनलाइन पाच वॅटचे, दहा किलोमीटर रेंजवाले सेट स्वस्तात भेटून राह्यले. घेऊन टाकू काय? (परतवाडा)

नका घेऊ. हे सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कुठेही बोलू शकतात. पोलीस आणि वनखात्याची वायरलेसही याच भागात चालते. चुकून भलत्या जागी बटण दाबले गेले तर ‘माहीत नव्हते’ म्हणून सुटका होत नाही. भारतात विनापरवाना वापरता येतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधला कमी ताकदीचा सेट. त्यासाठी २०१८चे नियम आहेत. असा सेट साधारण अर्ध्या वॅटचा असतो आणि त्याचा अँटेना काढता येत नाही. खोक्यावर ४४६चा पट्टा लिहिलेला पाहा आणि विक्रेत्याकडे डब्ल्यूपीसीचा (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचा) ईटीए, म्हणजे उपकरण-मंजुरीचा क्रमांक मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुसरे दुकान गाठा. ऑनलाइन विक्रीत ही माहिती दिलीच पाहिजे, यासाठी केंद्राने २०२५मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पाच वॅटचा सेट ४४६वर लावून वापरला म्हणजे तो कायदेशीर झाला, असे होत नाही. त्याची ताकद जास्त, अँटेना सुटा आणि बहुधा मंजुरीही नसते.

आता रेंज. खोक्यावरचे किलोमीटर समुद्रावर किंवा डोंगरमाथ्यावरून मोजलेले असतात. छातीच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर धरलेल्या सेटचे रेडिओ क्षितिज, म्हणजे लहरी थेट पोचण्याची हद्द, सपाट जमिनीवरही पाच किलोमीटरच्या आसपास संपते. मध्ये झाडे आली की त्याच्याही आधी आवाज विरतो. आखणी करताना दाट सागवानात अर्धा ते एक किलोमीटर आणि उघड्या कपाशीच्या शिवारात दोन-तीन किलोमीटर एवढेच धरा. घाटात एका वळणापलीकडची हमी धरू नका. वॅट दसपट केले तरी झाडीत अंतर जेमतेम पावणेदोनपट होते. टेकाडावर चढून बोलल्याने मात्र फार मोठा फरक पडतो. तीस मीटर उंचीवरून क्षितिज वीस किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणून कुणाचा संपर्क तुटला तर एकाने सेट घेऊन जवळच्या उंचवट्यावर जायचे.

सहा गाड्यांना आठ सेट घ्या. एक जादाचा सेट चाकापुढे पायी चालून वाट दाखवणाऱ्याला लागतो आणि एक राखीव राहतो. सगळे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे असावेत. का, ते खालच्या उत्तरात आहे.

पाच सेटांपैकी एकाला कुणाचेच ऐकू येत नाही, त्याचे बोलणे मात्र सगळ्यांना येते. सेट बिघडला का? (वरोरा)

बहुधा नाही. त्या सेटवर सबटोन लागलेला आहे आणि बाकीच्यांवर नाही. सबटोन म्हणजे बोलण्याच्या खाली सतत वाजणारा, कानाला न जाणवणारा बारीक सूर. ६७ हर्ट्झपासून साधारण २५० हर्ट्झपर्यंतचे हे सूर क्रमांकाने निवडतात. ज्या सेटवर तो लावला, तो सेट त्याच सुराचे बोलणे आले तरच आवाज सोडतो. बाकीच्यांचा सूरच नाही, म्हणून त्याचा स्पीकर गप्प.

चॅनलचे बटण दाबा. पडद्यावर चॅनलच्या शेजारी दुसरा छोटा आकडा दिसेल, तो शून्यावर आणा. मग पाचही सेट जवळ ठेवून एकेकाने बोलून पाहा. सबटोन वापरायचाच असेल तर पाचांवर एकच क्रमांक ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेटांत एकाच क्रमांकाला वेगळा सूर असू शकतो, घोळ तिथूनच सुरू होतो. जुन्या सेटांना आठ चॅनल असतात, नव्यांना सोळा. मिसळ ताफ्यात पहिल्या आठांतलाच चॅनल घ्यावा.

जाहिरातीत यालाच ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात, पण त्यात खासगी काही नाही. त्या चॅनलवरचा कुणीही, सबटोन बंद ठेवून, तुमचे सगळे ऐकू शकतो.

उतरून बोलले की आवाज स्वच्छ, गाडीत बसले की खरखर आणि रेंज अर्धी. असे का? (आर्वी)

कारणे दोन. पहिले, पत्र्याच्या टपाची गाडी लहरी अडवते आणि त्या काचेतूनच बाहेर पडतात. सेट कप होल्डरमध्ये किंवा गिअरपाशी ठेवून बोलू नका. शेजारी बसलेल्याने तो काचेच्या उंचीला, अँटेना सरळ उभा ठेवून धरावा. एकाचा अँटेना उभा आणि दुसऱ्याचा डॅशबोर्डवर आडवा पडलेला असला तरी आवाज बराच क्षीण होतो.

दुसरे कारण चार्जर. सिगारेट सॉकेटमधले स्वस्त यूएसबी चार्जर आणि डॅशकॅम रेडिओ लहरींचा कचरा सोडतात. सेट चालू ठेवा, दुसरी गाडी दोनशे-तीनशे मीटर लांब उभी करून तिथून बोलायला सांगा आणि इकडे चार्जर उपटा. नंतर डॅशकॅम बंद करा, शेवटी इंजिन. ज्या टप्प्यावर आवाज उघडला तो चोर. चार्जर असेल तर बदला. डॅशकॅम असेल तर त्याची वायर सेटपासून हातभर लांब दुसऱ्या बाजूने न्या.

आणि सेट चालकाच्या हातात नको. गाडी चालवताना हातात धरून संवादसाधन वापरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४खाली येते.

मे महिन्यात ज्या वाटेवर शेवटच्या गाडीपर्यंत बोलणे होत होते, तिथेच ऑगस्टमध्ये काही ऐकू येत नाही. (धारणी)

सागवान. मे महिन्यात तो उघडाबोडका असतो. ऑगस्टमध्ये सुपाएवढी ओली पाने लागलेली असतात आणि ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरी पाण्याने भरलेली पाने शोषून घेतात. सेट बदलून उपयोग नाही, गाड्यांतले अंतर कमी करा.

टपावर अँटेना लावून पंचवीस वॅटचा सेट गाडीत बसवायचा आहे. कायदेशीर मार्ग आहे का? (काटोल)

आहे, हौशी रेडिओचा परवाना. परीक्षा द्यावी लागते आणि अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स संकेतलिपीची सक्ती नाही. परवाना मिळाला की १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर बोलता येते. पण समोरचाही परवानाधारकच हवा, आणि पैसे घेऊन सहली नेणाऱ्यांनी धंद्यासाठी हा परवाना वापरायचा नाही. ४४६ मेगाहर्ट्झ हौशी पट्ट्यात येत नाही, त्यामुळे मोठ्या सेटवरून छोट्या सेटांशी बोलता येणार नाही. आमच्या मते सोयीची रचना अशी : पहिल्या आणि शेवटच्या गाडीत परवानाधारक आणि मोठा सेट, शिवाय सगळ्यांकडे ४४६चे सेट.

२७ मेगाहर्ट्झचा सीबी (सिटिझन्स बँड) पट्टाही पाच वॅटपर्यंत विनापरवाना आहे, पण अट अँटेना आतच बसवलेला असण्याची. तिथे लहरीच्या पाव लांबीचा अँटेनाच पावणेतीन मीटर होतो. आत बसेल एवढा आखूड केला की जीव राहत नाही. परदेशातून आणलेला टपावरचा सीबी या सवलतीत बसत नाही.

बसवताना वीज थेट बॅटरीवरून घ्या, सिगारेट सॉकेटवरून नको. पंचवीस वॅटचा सेट बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो. लाल आणि काळी अशा दोन्ही तारांना बॅटरीपासून वीतभराच्या आत दहा अँपिअरचा फ्यूज टाका. तार इंजिनच्या भिंतीतून रबरी बुचातूनच काढा. पत्र्याच्या कडेला घासून ती शॉर्ट होते, आणि आपल्याकडच्या गोट्यांच्या रस्त्यांवर घासायला वेळ लागत नाही. १४५ मेगाहर्ट्झला पाव लांबीचा अँटेना साधारण ४९ सेंटिमीटर असतो आणि त्याला खाली धातूचा पत्रा लागतो. टप कापडी किंवा फायबरचा असेल तर चुंबक चिकटणार नाही आणि पत्राही मिळणार नाही. मग बॉनेटच्या कडेला ब्रॅकेट लावा आणि त्याच्या स्क्रूखालचा रंग खरवडून धातू उघडा करा, वरून ग्रीस. किंवा अर्ध्या लांबीचा अँटेना घ्या, त्याला पत्रा लागत नाही. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनातून ताकद किती परत फिरते त्याचे माप, दीडच्या आत उत्तम. दोनच्या वर गेला तर सांधे तपासा. तीनच्या वर असेल तर बोलूच नका, सेटचा लहरी बाहेर सोडणारा भाग जळतो. बाभळीच्या फांदीने अँटेना उडाल्यावर तसेच बोलत राहिल्याने सेट जळाल्याचे प्रकार पुष्कळ होतात. केबल दारात चिमटली जात असेल तर तीही बदला.

जावयाने अमेरिकेतून सॅटेलाइट मेसेंजर आणून दिला आहे. नेटवर्क नसलेल्या भागात ठेवावा म्हणतो. (देवरी)

मुळीच ठेवू नका, घरातही नाही. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असा मेसेंजर जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे, आणि यावरून पर्यटकांना विमानतळांवर अडवले गेले आहे. परवानगीचा रस्ता हवा असेल तर बीएसएनएलची सॅटेलाइट फोन सेवा आहे.

सिमकार्डवर चालणारे ‘देशभर रेंज’वाले सेट कसे आहेत? (खामगाव)

मोबाइलला रेंज आहे तिथे झकास. जिथे मोबाइल मरतो तिथे तेही मरतात, म्हणजे नेमके हवे तेव्हाच.

सेट आहेत, पण सगळे एकाच वेळी बोलतात. काय आणि कसे बोलायचे याची काही पद्धत? (पुसद)

हा प्रश्न सगळ्यांत कमी पत्रांत होता. खरे तर निम्मे काम इथेच आहे.

गाड्यांना क्रमांक द्या आणि दिवसभर तोच क्रम ठेवा. पुढची गाडी वाट माहीत असलेल्याची. शेवटची गाडी दोर, शॅकल (दोर अडकवायची कडी), हवेचा पंप आणि थंड डोके असलेल्याची. निघण्यापूर्वी पहिली गाडी एकेकाला हाक मारते आणि प्रत्येकाचे ‘ऐकू येतं’ आल्याशिवाय चाक हलत नाही. आधी ज्याला बोलवायचे त्याचा क्रमांक, मग आपला : ‘चार, एक बोलतोय.’ बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ‘थांबू नका’मधला ‘थांबू’ गेला तर काय उरते, ते सांगायला नको. सेट तोंडापासून चार बोटे लांब, किंचित तिरका धरा. तोंडात घातला की शब्द फाटतात. आवाजावर आपोआप चालू होणारी सोय बंद ठेवा, नाहीतर डिझेल इंजिन दिवसभर बोलत राहील.

डावे-उजवे यात गोंधळ होतो, विशेषतः वाट दाखवणारा गाडीकडे तोंड करून उभा असतो तेव्हा. ट्रकवाल्यांची रीत घ्या : ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’. आकडे सुटे सांगा. खरखरीत ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच ऐकू येतात.

रपट्यावर पाणी असेल तर पहिली गाडी अलीकडे थांबून सगळ्यांना थांबवते. एक जण उतरून काठीने खोली आणि तळ पाहतो, मगच एकेक गाडी. पलीकडे चढल्यावर ‘तीन पार’ असे सांगितल्याखेरीज चौथीने पाण्यात चाक घालायचे नाही. काळ्या मातीच्या पांदणीत याच नियमाने दोन गाड्या एकाच गाळात रुतण्याचे टळते. वळणफाट्यावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचे. पहिल्या गाडीचे शेवटच्यापर्यंत पोचत नसेल तर मधल्या क्रमांकाने निरोप शब्दशः पुढे द्यायचा, आपली भर न घालता. अर्ध्या वॅटचे सेट अशा ताफ्याला पुरतात.

विंच (गाडी ओढून काढणारे यंत्र) किंवा दोर ताणलेला असताना सूचना देणारा माणूस एकच. बाकीचे गप्प, अपवाद एका ‘थांब’चा : तो शब्द कुणीही उच्चारू शकतो आणि ऐकताच सगळे थांबते.

चॅनल अचानक बंद पडल्यासारखा झाला, कुणाचेच येईना, तर बहुधा एकाचा सेट मांडीखाली किंवा सीटच्या फटीत दबून बटण अडकलेले असते. प्रत्येकाने आपापला सेट हातात घेऊन पाहायचा. बोलण्याला वेळेची मर्यादा घालण्याची सोय सेटमध्ये असेल तर ती साठ सेकंदांवर लावून ठेवा.

गडचिरोली जिल्ह्यात असे सेट घेऊन फिरणे योग्य का? (आरमोरी)

सेट कायदेशीर असला तरी आधी जवळच्या पोलीस ठाण्यात ताफ्याची, गाड्यांच्या क्रमांकांची आणि सेटांची माहिती द्या. खरेदीचे बिल आणि ईटीएची प्रत गाडीत ठेवा. नाक्यावर थांबवल्यावर सेट हातात धरून उतरू नका. वनक्षेत्रात शिरताना तिथल्या वनाधिकाऱ्यांना विचारा, काही ठिकाणी सेट आत नेऊ देत नाहीत. मदतीसाठी ११२ आणि वनविभागाचा १९२६ हे क्रमांक लिहून ठेवा. मात्र दोन्हींना मोबाइलची रेंज लागते.

उन्हाळ्यात बॅटरी लवकर उतरते आणि फुगतेही. उपाय? (वणी)

चंद्रपूर-वणीच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर सेट ठेवणे म्हणजे बॅटरी मारणे. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्जही करू नये. सेट सीटखाली सावलीत ठेवा आणि चार्जिंग रात्री मुक्कामी करा. फुगलेली बॅटरी लगेच काढून टाका, दाबून परत बसवू नका. पावसाळ्यात वापर नसेल तर बॅटरी निम्मी भरून, सेटपासून वेगळी करून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहून पुन्हा निम्मी भरा. चार्ज होत नाही अशी तक्रार असेल तर आधी खालचे पितळी ठिपके खोडरबराने घासून पाहा, काळ्या मातीची धूळ तिथे पापडी धरते.