“सून सारखी माहेरी बोलते”

“घरातलं पान हललं तरी तिच्या माहेरी कळतं,” ही तक्रार घेऊन येणाऱ्या सासवा मला धुळ्यात समुपदेशन करताना नेहमी भेटतात. त्यांतल्या एकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मावशी अमळनेरकडच्या. मुलगा सुरतेला कापड मिलमध्ये, सून आणि नातू गावी. “आम्ही आखाजीची, अक्षय्य तृतीयेची वाट पाहायचो. भाऊ न्यायला आला की झोका, गौराईची गाणी, आईच्या हातचे खापरावरचे मांडे. आते मायेर खिसामा शे!” म्हणजे, आता माहेर खिशातच आहे, फोनमध्ये.

मी घाई केली. कॉलची वेळ ठरवा, नवरा-बायकोची कुरबुर माहेरी नेऊ नका, असं ठरलेलं सांगून दोघींना पाठवलं. पंधरा दिवसांनी मावशी एकट्याच आल्या. सून वेळ पाळत होती, यांची चिडचिड तशीच.

मग विचारलं, “मुलाचा फोन कधी येतो?”

त्या जरा वेळ गप्पच बसल्या. त्यांचे मालकही सुरतेलाच होते. तेव्हा फोन गावातल्या एसटीडी बूथवर यायचा. बूथवाल्याचा पोरगा निरोप घेऊन आला की अख्खं घर पळायचं. आधी सासरे, मग सासू, मग पोरं. यांच्या वाट्याला “बरी आहेस ना?” एवढंच, तेही सगळ्यांदेखत. आता मुलाचा फोन थेट सुनेच्या हातात वाजतो. ती खोलीत जाते, दार लोटते.

“माले कोन इचारस?”

सून होत्या तेव्हा रांगेत शेवटी; सासू झाल्या तर रांगच उरली नाही. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, हातोहाती स्मार्टफोन आले आणि घराचा फोन एकेकाचा झाला. त्यात सुनेचं काय चुकलं? नवऱ्याशी दार लावून बोलायलाच हवं तिने. मावशींना ते कधी मिळालं नाही, हा भाग वेगळा.

त्यांना विचारून मी मुलाशी बोलले. बायकोकडून आईची खुशाली कळते, झालं, असं त्याला वाटायचं. आता रविवारी तो आईच्या बटणांच्या फोनवर आधी फोन करतो. जेवला का, कपाशीला पाणी दिलं का, संपलं. दोनेक मिनिटं. मावशी अजून बूथवर असल्यासारख्या ओरडून बोलतात, आणि सून म्हणते, गल्लीला कळतं.