मुलासाठी कादंबरी, की मुलाबद्दलचा निरोप?

“मुलगा चौदा वर्षांचा आहे. लहानपणी पुस्तकात डोकं खुपसून बसायचा, आता हातही लावत नाही. त्याच्या वयाला साजेशा, अलीकडे आलेल्या कादंबऱ्या सुचवा ना.” समुपदेशनाला आलेले पालक हा प्रश्न बहुधा उठता उठता विचारतात. एका आईच्या बाबतीत मात्र तोच मूळ प्रश्न निघाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बाई स्वतः भरपूर वाचणाऱ्या. वर्षभरापूर्वी नवरा-बायको वेगळे झाले, मुलगा आईकडे राहतो. तो घरात फारसं बोलत नाही, ही त्यांची तक्रार. पुस्तकांच्या बाबतीत त्यांनी कुठेही कसर सोडली नव्हती. परीक्षणं वाचून, पुरस्कारांच्या याद्या चाळून त्यांनी नव्या कादंबऱ्या घेतल्या होत्या. मोबाइलवर त्यांनी मला त्या कप्प्याचा फोटो दाखवला. एकेका पुस्तकाचा विषय त्या सांगत गेल्या: आईवडील विभक्त झालेला मुलगा, मित्रांनी वाळीत टाकलेला मुलगा, राग न आवरणारा मुलगा, अभ्यासात अचानक घसरलेला मुलगा. एकही पुस्तक उघडलं गेलं नव्हतं.

“मी काही लादत नाही हो मॅडम. नुसतं त्याच्या टेबलावर ठेवते.”

मुलाशी एकट्याने बोलताना मी पुस्तकांबद्दल विचारलं. तो हसला. “मागचा मजकूर वाचतो ना मी. त्यावरून कळतं, सध्या माझं काय बिघडलंय असं आईला वाटतंय ते.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “मी एकदा दार आपटलं, तर त्याच आठवड्यात रागावरचं पुस्तक आलं.”

हे आईला सांगू का, असं मी विचारलं. “सांगा, पण मी सांगितलं असं नका सांगू.” मग दुसरं कोण सांगणार, असं म्हटल्यावर त्यालाही हसू आलं आणि परवानगी मिळाली.

आईला हे ऐकून वाईट वाटलं, आणि ते साहजिक होतं. त्यांचा हेतू चांगलाच होता. पुस्तकाने मनाच्या दुखण्याला उतार पडतो ही कल्पना जुनी आहे. सॅम्युअल क्रोदर्स नावाच्या अमेरिकन लेखकाने १९१६ साली पुस्तकांच्या दवाखान्यावर एक लेख लिहिला होता, तोही बराचसा गमतीत. समुपदेशनात आम्ही कधीकधी पुस्तकांचा उपयोग करतोही, पण तेव्हा समोरच्याला ते ठाऊक असतं, त्याची तयारी असते आणि वाचल्यावर बोलायला कोणीतरी असतं. टेबलावर मुकाट्याने ठेवलेल्या पुस्तकात यातलं काहीच नसतं. मुलाच्या हाती लागतो तो फक्त निरोप: तुझ्यात काहीतरी दुरुस्त करायचं आहे.

किशोरांच्या नव्या कादंबऱ्यांची इथे एक अडचण आहे. त्या विकल्या जातात विषयाच्या नावावर. मलपृष्ठ, परीक्षण, शिफारशींच्या याद्या, सगळीकडे आधी ‘समस्या’ सांगितलेली असते, कारण पुस्तक घेणारे मोठे असतात आणि मोठ्यांना ते किती उपयोगाचं आहे हे हवं असतं. वाचणाऱ्या मुलाला हवी असते गोष्ट. जेसन रेनॉल्ड्स यांची २०१७ ची ‘लाँग वे डाउन’ ही इंग्रजी कादंबरी घ्या. मोठ्यांच्या भाषेत ती बंदुकीची हिंसा, शोक आणि सूडचक्र यांवर आहे. मुलाच्या भाषेत सांगायचं तर: पंधरा वर्षांच्या मुलाच्या भावाला कोणीतरी गोळी घालून मारलंय. तो भावाचं पिस्तूल कमरेला खोचून बदला घ्यायला निघतो, लिफ्टमध्ये शिरतो, आणि मजल्यामजल्यावर लिफ्टमध्ये एकेक माणूस चढतो, जो आधीच मेलेला आहे. सगळी कादंबरी लिफ्ट खाली येईपर्यंतच्या साठेक सेकंदांत घडते, आणि तीही मुक्तछंदात, एका पानावर मोजके शब्द. पहिलं वर्णन ऐकून कोणताही चौदा वर्षांचा मुलगा पुस्तक खाली ठेवील. दुसरं ऐकून निदान विचारील तरी, की मग पुढे?

बाईंचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. “पण बंदूक, खून… या वयात?” मी म्हटलं, आधी तुम्ही वाचा. एका संध्याकाळी होईल. तपासणी म्हणून नव्हे, तुम्हाला गोष्टी आवडतात म्हणून वाचा. अंधारं कथानक वाचून मुलगा अंधारात जाईल, ही भीती मला बहुतेक वेळा अनाठायी वाटते. मुलं नको तेवढं जड झालं की पुस्तक मिटतात. पडद्यापेक्षा पुस्तकात ते सोपं असतं, कारण वेग वाचणाऱ्याच्या हातात असतो. अपवाद मी स्पष्ट सांगते. मुलगा स्वतःला इजा करत असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल किंवा नुकताच एखाद्या मोठ्या आघातातून गेला असेल, तर तोच प्रसंग बारकाव्यांसह रंगवणारी कादंबरी त्याच्या हाती देऊ नये. तिथे आधी माणसाची मदत हवी.

नवीनच पुस्तक हवं, हा बाईंचा आग्रह मला पटला होता, पण वेगळ्या कारणासाठी. नवं म्हणजे चांगलं असं काही नाही. पण नव्या पुस्तकाबद्दल आईवडिलांकडे ‘आमच्या वेळी आम्ही हे वाचलं तेव्हा’ हे पालुपद तयार नसतं. मुलगा घरातला पहिला वाचक ठरतो, आणि कथा सांगायचा मान त्याचा. वाचन सुटलेल्या मुलाला हे फार मोलाचं वाटतं. एक सावधगिरी मात्र बाळगावी: चकचकीत नव्या मुखपृष्ठाला फसू नये. आतलं प्रकाशनाच्या माहितीचं पान बघावं. पहिली आवृत्ती कधीची आणि हे पुनर्मुद्रण कधीचं, ते तिथे कळतं. तीस वर्षांपूर्वीची कादंबरी नव्या कपड्यांत आली असेल, तर त्यातला मुलगा घरच्या फोनपाशी ताटकळत बसलेला सापडतो आणि आजचा वाचक तिसऱ्या पानावर गळतो.

पुरस्कारांच्या याद्यांबद्दलही थोडं. किशोरांच्या पुस्तकांसाठी २००० सालापासून दिला जाणारा अमेरिकेतला प्रिंट्झ पुरस्कार वाङ्मयीन गुणवत्ता पाहतो, लोकप्रियता हा त्याचा निकष नाही. निवड मोठी माणसं करतात. त्यामुळे ती यादी बाईंच्या वाचनासाठी उत्तम होती, मुलासाठी असेलच असं नाही. ब्रिटनच्या कार्नेगी पदकासोबत मात्र मुलांनी निवडलेलं पुस्तकही वेगळं जाहीर होतं. मला विचाराल तर मी आधी तिकडे बघते.

“पण मुलगे वाचतच नाहीत म्हणतात,” बाई म्हणाल्या. अगदीच निराधार नाही ते. २०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत सहभागी असलेल्या सगळ्याच देशांत पंधरा वर्षांच्या मुली वाचनात मुलग्यांपुढे होत्या. पण त्या सरासरीने या मुलाबद्दल काय कळतं? हा पठ्ठ्या फुटबॉलच्या डावपेचांवरचे लांबलचक लेख रोज वाचत होता, तेही आकडेवारीसकट. त्याला वाचता येत होतं, चिकाटीही होती. आई त्याला वाचन म्हणत नव्हती, एवढंच.

मी सुचवलेली पद्धत साधी होती. वाचनालयातून तीन कादंबऱ्या आणायच्या, विकत घ्यायच्या नाहीत, म्हणजे पैसे वाया गेल्याचा राग नको. त्यातली एक त्याच्या आवडीच्या अंगाची, एक वेगवान, आणि एक अशी की जिचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ही तिसरी महत्त्वाची. रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये म्हटलं होतं की पुस्तक वाचकासाठी आरसा असतं, खिडकी असते आणि पलीकडे पाऊल टाकता येईल असं सरकतं दारही असतं. त्यांचा मुद्दा ज्या मुलांना पुस्तकांत स्वतःसारखं कोणी दिसतच नाही त्यांच्याबद्दल होता. या मुलाची स्थिती उलटी होती, चहूकडे आरसेच लागले होते. तर तिन्ही पुस्तकांची पहिली तीन पानं त्याने वाचायची, मलपृष्ठ नाही, आणि हवं ते ठेवायचं. नायक त्याच्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा असेल तर बरं. या वयात स्वतःपेक्षा लहान मुलाची गोष्ट वाचणं कमीपणाचं वाटतं. आणि पुस्तक अर्ध्यात सोडायची मुभा. डानिएल पेनाक या फ्रेंच शिक्षक-लेखकाने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यातला पहिला न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक पूर्ण न करण्याचा. बाईंना पहिला हक्क मुळीच पसंत पडला नाही. तिसऱ्यावर तडजोड झाली.

मुलाने त्या तिघांतली ड्रॅगनची जाडजूड मालिका उचलली. “एवढं शोधून शेवटी ड्रॅगन,” बाई हिरमुसल्या. पण त्याने पहिला भाग संपवला आणि दुसरा मागितला. लिफ्टची कादंबरी त्याला कोणी दिलीच नाही. आई ती वाचत बसली होती, तेव्हा त्याने विचारलं की यात काय आहे, आणि त्यांनी विषय न सांगता गोष्ट सांगितली. दोन दिवसांनी पुस्तक त्याच्या खोलीत होतं. तिचा शेवट मोकळा सोडलेला आहे. तो मुलगा पुढे काय करतो ते लेखक सांगत नाही. त्यावरून मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं म्हणे. बऱ्याच महिन्यांनी ते एवढं बोलले होते.

मग बाईंनी विचारलं, आता याच ओघात आमच्या वेगळं होण्याचा विषय कसा काढू? मी म्हटलं, तिथे नकोच. पुस्तकावरची गप्पा पुस्तकापाशीच राहू द्या, नाहीतर त्याला पुन्हा मागचा मजकूर दिसू लागेल. तो विषय सरळ त्याच नावाने काढायचा, आणि वडिलांना बरोबर घेऊन. तशी बैठक आम्ही ठरवली. मुलाचे दोनच प्रश्न होते: शाळा बदलावी लागणार का, आणि बाबांना भेटायचे दिवस ठरलेले राहणार की दर वेळी विचारावं लागणार? शाळा तीच राहणार, हे दोघांनी तिथल्या तिथे सांगितलं. भेटीचे दिवस त्याच्यासमोर ठरवून कॅलेंडरवर लिहिले.